गव्हर्नरपदाची मुदत संपल्यानंतर

प्रश्न : मलबार हिलवर राहायला येणारे राज्यपाल बहुधा सक्रिय राजकारणातून बाजूला झालेले ज्येष्ठ नेते असतात. मग अमेरिकेत गव्हर्नरपदावरून इतके लोक थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत कसे पोहोचतात?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपल्या राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात, अमेरिकेतील गव्हर्नरला राज्याचे मतदार थेट निवडून देतात, आणि राज्याचा अर्थसंकल्प मांडणे, विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकावर नकाराधिकार वापरणे, आपत्तीच्या वेळी नॅशनल गार्डला पाचारण करणे हे अधिकार त्याच्याकडे असतात. तेव्हा तुलना करायचीच, तर ती मलबार हिलशी न करता मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याशी करावी.

आतापर्यंत 17 राष्ट्राध्यक्षांनी आधी एखाद्या राज्याचे गव्हर्नरपद सांभाळले होते. 1976 ते 2004 या काळातील आठ निवडणुकांपैकी तब्बल सात निवडणुका जिमी कार्टर, रोनाल्ड रेगन, बिल क्लिंटन आणि धाकटे जॉर्ज बुश या चौघांनी जिंकल्या, आणि हे चौघेही गव्हर्नर होते. वॉटरगेट प्रकरणानंतर वॉशिंग्टनच्या राजकारणाचा डाग न लागलेला कारभारी मतदारांना हवासा वाटत होता, हे याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. माझ्या मते त्याइतकेच महत्त्वाचे कारण मुदतबंदीचे आहे. बहुसंख्य राज्यांत गव्हर्नरला ठरावीक मुदतींनंतर पायउतार व्हावे लागते. व्हर्जिनियात तर लागोपाठ दुसरी मुदतही मिळत नाही. कार्टर यांच्या वेळी जॉर्जियातही तसाच नियम होता, त्यामुळे 1975 च्या जानेवारीत, वयाच्या पन्नाशीत, ते मोकळे झाले आणि पुढची दोन वर्षे त्यांनी देश पिंजून काढला.

या नियमातून पळवाट काढणारेही निघाले. अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांना 1966 मध्ये पुन्हा उभे राहता येत नव्हते, म्हणून त्यांनी पत्नी लर्लीन यांना उभे करून निवडून आणले (बिहारमध्ये 1997 साली घडले त्याचे कारण निराळे होते, पण मार्ग आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल). लर्लीन यांचे 1968 मध्ये कर्करोगाने निधन झाले आणि सत्ता उपगव्हर्नर अल्बर्ट ब्रुअर यांच्याकडे गेली. 1970 मध्ये त्याच ब्रुअर यांना हरवून वॉलेस परतले.

जेरी ब्राउन यांची कारकीर्द मला अधिक रंजक वाटते. 1975 ते 1983 अशी आठ वर्षे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर राहिल्यावर ते पुढे ओकलंड शहराचे महापौर आणि मग राज्याचे ॲटर्नी जनरल झाले, आणि 2011 मध्ये पुन्हा गव्हर्नरपदावर आले. त्या राज्याने 1990 मध्ये आयुष्यभरात दोनच मुदतींची मर्यादा घातली होती, पण आधीच्या मुदती तीत धरल्या जात नसल्यामुळे त्यांना आणखी दोन मिळाल्या. आयोवात अशी मर्यादाच नाही. तेथे टेरी ब्रॅनस्टॅड दोन टप्प्यांत मिळून 22 वर्षांहून अधिक काळ गव्हर्नर होते आणि 2017 मध्ये राजदूत म्हणून चीनला गेले.

मात्र 2004 नंतर एकाही गव्हर्नरला राष्ट्राध्यक्षपद मिळालेले नाही. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी 2012 मध्ये ओबामांकडून हरले, तर फ्लोरिडाचे रॉन डिसँटिस यांना 2024 मध्ये पक्षाची उमेदवारीही मिळवता आली नाही. राज्यातील रस्ते, शाळा आणि करांचा हिशेब मांडून मते मागणाऱ्या नेत्यापेक्षा रोज राष्ट्रीय वाहिन्यांवर दिसणाऱ्या नेत्याकडे पक्षाचे मतदार आता अधिक झुकतात, असे मला वाटते.