उवांचं औषध एकदा लावून सोडून देऊ नका

ताई, तिसरीतल्या लेकीच्या डोक्यात उवा झाल्या, औषध लावून आठवडा झाला तरी परत खाजवतीये, आणि सासूबाई म्हणतायत सीताफळाच्या बिया वाटून लावू नाहीतर सरळ बॉयकट करू, असं तुम्ही लिहिलंय. आधी बियांचं सांगते, प्लीज नका करू. केस धुताना ते पाणी डोळ्यात उतरलं तर बुबुळाला इजा होते, भयंकर दुखतं. रॉकेलचं नावही काढू नका आणि खोबरेल तेलात कापूरसुद्धा नको, कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

आता परत का झाल्या, तर बहुतेक त्या गेल्याच नव्हत्या. मेडिकलमध्ये मिळतं ते १% परमेथ्रिन चालत्या उवा मारतं पण लिखा उरतात, आणि लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण ७ ते १० दिवस. ते मोठं होऊन अंडी घालायच्या आत दुसऱ्यांदा औषध लावायलाच लागतं, पहिल्यांदा लावलं तेव्हापासून नवव्या दिवशी धरा, आत्ताच मोबाईलमध्ये रिमाइंडर टाका. औषधाच्या दिवशी कंडिशनर लावू नका, नुसत्या शाम्पूने धुवून, टॉवेलने पुसून मग लावायचं, १० मिनिटांनी धुवायचं. आणि ५% वालं क्रीम खरजेचं असतं, दुकानदाराने दिलं तर बदलून घ्या.

पण खरं काम फणीचं आहे हो. स्टीलची, बारीक दातांची घ्या, तुळशीबागेत बघा, प्लास्टिकचे दात फाकतात आणि लिखा निसटतात. औषधाचा दिवस सोडून दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे तरी, ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडून गॅलरीत उजेडात बसवा आणि एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसून बघायची, तिळाएवढं तपकिरी काहीतरी पाय हलवताना दिसेल ती ऊ. कानामागे आणि मानेवर जास्त सापडतात. कोंडा झटकला की पडतो, लीख नखाने ओढून काढावी लागते. मुळापासून सेंटीमीटरभर लांब गेलेली लीख बहुतेक रिकामीच असते, तिच्यासाठी परत परत औषध नका लावू.

घर धुवून काढायची, पेस्ट कंट्रोलची काही गरज नाही, डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते. अभ्रे, टॉवेल, कंगवे गरम पाण्यातून काढा, बास. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, तिच्याशेजारी झोपणाऱ्या आजीचं पण, आणि ज्यांच्यात जिवंत ऊ सापडेल त्यांना त्याच दिवशी औषध.

आणि लेकीला घाणेरडी वगैरे कुणी म्हणू देऊ नका, रोज न्हाणाऱ्या मुलींनाही होतात. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चढते, आणि व्हॅनमध्ये चौघी एका मोबाईलवर वाकलेल्या असतात तिथे दुसरं काय होणार! व्हॅनच्या ग्रुपवर न लाजता सांगून टाका म्हणजे बाकीच्या आयाही बघतील. शाळा बुडवायची किंवा केस कापायची गरज नाही, दोन घट्ट वेण्या घाला.

दुसऱ्या वेळेनंतरही चालत्या उवा दिसल्या, किंवा खाजवून मानेवर पू झाला, तर मात्र तिसरी बाटली आणू नका, स्किनच्या नाहीतर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याकडे वेगळी औषधं असतात.