ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या बँडमधले लोक संगीत कुठून शिकून येतात? हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेल्याला त्यांच्यात वाजवता येईल का?

येईल. पण ‘कुठून शिकून येतात’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

मी सांगलीत नऊ वर्षं व्हायोलिन शिकले, विशारदच्या आधी सोडलं. आता नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला असते आणि दर गुरुवारी इथल्या बँडबरोबर वाजवते. बँजोवाले आजोबा कापडगिरणीत होते, वडिलांचं ऐकून शिकले, नोटेशन वाचता येत नाही. गिटारवाला ट्रक चालवतो, त्याचा गळा चर्चमध्ये गाऊन तयार झालाय. मँडोलिनवाली शाळेत संगीत शिकवते. रीतसर शिकलेली ती एकटीच.

पहिल्या दिवशी मी मांडी घालून, व्हायोलिन पावलावर टेकवून बसले. कुणी हसलं नाही. माझी पाळी आली तशी मी संथ आलापी सुरू केली. षड्जावरून जेमतेम हलले तोवर माझी जागा संपली, मँडोलिन सुरूसुद्धा झालं. गाणं संपल्यावर आजोबांनी बोटांतल्या नख्या काढल्या, नुसत्या अंगठ्यानं ती चाल सावकाश वाजवून दाखवली आणि म्हणाले, “आधी लोकांना गाणं ओळखू दे. मग तुझं.” त्यांची आखूड पाचवी तार मधूनमधून वाजत होती, अगदी सतारीच्या चिकारीसारखी. माझे गुरुजीही असंच शिकवायचे, समोर बसवून.

माझा दादा तबल्यात विशारद. तो म्हणतो, “ऐकीव वाजवणाऱ्यांत बसून हात बिघडेल.” वर्षानुवर्षं हेच ऐकतेय. ज्याच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ बँडवरून या संगीताला नाव पडलं, तो बिल मन्रो मामाच्या फिडलला, म्हणजे व्हायोलिनला, गिटारची साथ करत तयार झाला. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबरही नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी घेतली म्हणून त्याच्या वाट्याला मँडोलिन आलं. अर्ल स्क्रग्ज आमच्याच राज्यातला, शेल्बीजवळचा. तोही गिरणीत राबला, १९४५च्या डिसेंबरात मन्रोकडे आला आणि तीन बोटांनी वाजवायच्या त्याच्या पद्धतीनं बँजोचं वाजणंच बदललं. यांची परीक्षा कोण घेणार होतं? मामासमोर बसून शिकणं ही तालीमच. आपल्या घराण्यांत तरी दुसरं काय होतं?

व्यावसायिक बँडचं जरा वेगळं, हे सांगायला हवं. ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत १९८२पासून ब्लूग्रास शिकवतात, तिथून बरेच जण येतात. बँजोवादक बेला फ्लेक तर न्यूयॉर्कचा, झाकीर हुसेन आणि राकेश चौरसियांबरोबर वाजवलेला.

तुम्ही सा-प-सा-प लावत असाल तर तारा जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांत लावायची सवय करा. आणि गाणं म्हणणाऱ्याच्या पायाकडे लक्ष ठेवा, त्यानं पाय उचलला की गाणं संपवायचं.

पुढच्या महिन्यात दादा येतोय. तबला आणू नकोस म्हटलंय. इथे सहसा तालवाद्य नसतंच, ठेका मँडोलिन धरतं. गुरुवारी त्याला आजोबांच्या शेजारी बसवणार आहे.