सुरीवर १०९५, ४४०सी, एक्स५०सीआरएमओव्ही१५ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? सोलापुरात घरी मटण-भाजीसाठी कोणती घ्यावी?

१०९५ ही अमेरिकी पद्धत: '१०' म्हणजे साधं कार्बन पोलाद, '९५' म्हणजे कार्बन सुमारे ०.९५ टक्के. धार झकास लागते, पण ओली ठेवली की गंजते.

एक्स५०सीआरएमओव्ही१५ हे युरोपीय नाव आहे आणि मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण मिश्रणच त्यात लिहिलेलं असतं: कार्बन सुमारे ०.५० टक्के, क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. १.४११६ हा याच पोलादाचा क्रमांक. ४४०सी मधल्या ४४० वरून मात्र घटक कळत नाहीत. ए, बी, सी असा कार्बन वाढत जातो, सी मध्ये साधारण १ टक्का.

३०४ लिहिलेली सुरी घेऊ नका. ते भांड्यांचं स्टील, पाणी देऊन (म्हणजे लालबुंद तापवून झटकन थंड करून) कडक होत नाही.

घरी १.४११६ घ्या. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा सुरा घडवून घेणार असाल तर तोही उत्तम, फक्त पाणी नीट दिलंय ना ते विचारा. पाणी चुकलं तर भारी ग्रेडही हाडावर तुटते किंवा लगेच बोथट होते.