गिअरबॉक्स उघडण्याआधी

प्रश्न : टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक सेडान, ८० हजार किलोमीटर. डी टाकताना धप्प आवाज येतो, आणि पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना झटका बसतो. गाडी तापली की जास्तच. गॅरेजवाले गिअरबॉक्स उतरवायचा म्हणताहेत. – एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यात उतरवू देऊ नका. ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

डी टाकताना येणारी धप्प बरेचदा गिअरबॉक्सची नसतेच. इंजिन तापलेलं, एसी बंद असताना आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) साधारण ७०० ते ८०० आरपीएम हवं. हजाराच्या वर असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आधी साफ करून घ्या. मग माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार, बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक पूर्ण दाबून लिव्हर डी-आर-डी फिरवा. बघणाऱ्याला बाजूला उभं करा, समोर अजिबात नको. इंजिन उसळी मारत असेल तर माउंटिंगचं रबर गेलंय.

दुसऱ्या गिअरच्या झटक्याचा तपास गिअरबॉक्सच्या ऑइलपासून. लेव्हल कमी असली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, गिअरबॉक्समधला क्लच आधी घसरतो आणि मग एकदम पकडतो. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असेल तर गाडी फिरवून गरम करा, सपाट जागी उभी करा आणि लेव्हल बघा, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच. इंजिन चालू हवं की बंद, लिव्हर पी मध्ये हवा की एन मध्ये, ते मॅन्युअलमध्ये असतं. डिपस्टिक नसेल तर ठरावीक तापमानाला लेव्हल प्लग उघडावा लागतो, ते काम लिफ्टवरच. थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर, पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा जळताहेत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर ऑइल थंड करणाऱ्या कूलरमधून कूलंट आत घुसलंय, गाडी टोइंग करूनच न्या.

ऑइल बदलताना ड्रेन प्लगमधून जेमतेम निम्मं निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा बदलायचं, आणि तेही मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. ‘कुठलंही लाल ऑइल चालतं’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून बाहेर पडा. सम्पच्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) चुंबकावर बारीक करडा लेप असणारच. चमकणारे तुकडे दिसले तर मात्र तुमचे गॅरेजवाले बरोबर आहेत.

स्कॅनर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचे कोड वाचणारा हवा. स्वस्त ब्लूटूथ यंत्रं बहुधा इंजिनापुरतीच. पी०७३० आला तर गिअर रेशो जुळत नाही, म्हणजे बहुधा आत घसरण आहे. पी०७५० आला तर शिफ्ट सोलेनॉइड ‘ए’ (गिअर बदलताना ऑइलची वाट उघड-बंद करणारी विजेवरची झडप) किंवा त्याची वायरिंग. बऱ्याच गाड्यांत हे काम सम्प काढून होतं, गिअरबॉक्स न उतरवता.

प्रश्न : एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाडीलाही हेच लागू का?

उत्तर : नाही. तिच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच असतो, थोडी डुलकी स्वाभाविक आहे. ती वाढली असेल तर क्लच प्लेट तपासा. नवी बसवल्यावर स्कॅनरने क्लचचं लर्निंग (कंट्रोलरला नव्या प्लेटची पकड शिकवणं) करून घ्या.