जिराफ शोधताय? आधी इंदूरला पाठीशी घ्या

तुम्ही लिहिलंय की आठ इंची डॉब (डॉब्सोनियन टेलिस्कोप) घेऊन जानापावच्या टेकडीवर गेलो, शर्मिष्ठा आणि सप्तर्षींच्या मधला तो रिकामा पट्टा तासभर चाळला, जिराफ (कॅमेलोपार्डालिस) या तारकासमूहात काहीच सापडलं नाही, मग तिथे बघण्यासारखं काही आहे तरी का. आहे हो, भरपूर आहे. मेसियरच्या (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिकांच्या) प्रसिद्ध यादीतलं एकही ऑब्जेक्ट कॅमेलोपार्डालिसमध्ये नाही म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत एवढंच, माझा मात्र थंडीतला सगळ्यात आवडता भाग आहे तो.

तुमची अडचण आहे जागेची. आपल्या इंदूरकरांना आकाश बघायला जायचं म्हणजे घाटाकडे जायचं ही सवय, जानापाव काय, चोरल काय, सिमरोल काय, सगळं शहराच्या दक्षिणेला. मृग, व्याध, वृश्चिक बघायला ते उत्तमच, पण जानापाववरून उत्तरेला तोंड केलं की समोर पीथमपूर, थोडं उजवीकडे महू आणि त्याच्या मागे अख्खं इंदूर, म्हणजे जिराफ बरोबर त्या उजेडाच्या डोक्यावर येतो. ज्या तारकासमूहातला सगळ्यात ठळक तारा, बीटा, जेमतेम चौथ्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आहे तो तिथे काय दिसणार! उत्तरेचं बघायचं तर शहर पाठीशी हवं. देपालपूरच्या पुढे गौतमपुऱ्याकडे जा, इंदूर मागे आग्नेयेला राहतं, ईशान्येला उज्जैनची थोडी चमक असते पण ती खालच्या खाली राहते. आणि मावठा पडून गेला की त्यानंतरची पहिली कोरडी, वारा असलेली रात्र सोडू नका, धूळ बसलेली असते. फक्त गव्हाला पाणी सोडलंय त्या शेताच्या कडेला स्कोप लावू नका, तासाभरात फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) दव जमतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पुस्तकांत लिहिलेलं असतं की हा भाग वर्षभर दिसतो, पण ती पुस्तकं ४५-५० अक्षांशावरची. आपल्याकडे ध्रुवच २३ अंशांवर, त्यामुळे जिराफातली कामाची बरीचशी ऑब्जेक्ट्स ध्रुवाच्या खालून जाताना चक्क मावळतात आणि ध्रुवाच्या वर आली तरी ४५ ते ५० अंशांपलीकडे चढत नाहीत. म्हणून ती वर असतानाच गाठायची, डिसेंबरच्या मध्यात रात्री अकराच्या आसपास, जानेवारीच्या मध्यात नऊला. अमावस्या धरूनच जा (आपल्या कालनिर्णयातली मार्गशीर्ष अमावस्या इथल्या हिंदी पंचांगात पौष अमावस्या असते, मित्रांबरोबर ठरवताना तारीखच सांगा).

जिराफाचा आकार शोधत बसू नका. ग्रीकांनी हा भाग मोकळाच सोडला होता, पेट्रस प्लँशियसने १६१२ मध्ये तिथे जिराफ बसवला, त्यामुळे शेजाऱ्यांच्या आधाराने जायचं. शर्मिष्ठेच्या डब्ल्यूचं एक टोक काफ आणि दुसरं टोक सेगिन, काफकडून सेगिनकडे रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या, तिथे १०x५० दुर्बीण (दोन डोळ्यांची, बायनॉक्युलर) लावली की केंबल्स कॅस्केड ही ताऱ्यांची माळ. डॉब नाही, दुर्बीणच! ही माळ अडीच अंश लांब आहे आणि तुमच्या डॉबमध्ये २५ मिमीच्या आयपीसने जेमतेम एक अंश दिसत असणार, म्हणजे तुम्ही तिच्यावरून गेला असाल तरी कळलं नसेल. पाचव्यापासून दहाव्या प्रतीपर्यंतचे वीसेक तारे जवळजवळ सरळ रेषेत, मधला एक ठळक. ल्युसियन केंबल या कॅनडातल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी साध्या ७x३५ दुर्बिणीतून हे पाहिलं आणि वॉल्टर स्कॉट ह्यूस्टन यांनी त्यांचं नाव दिलं. फोटोत ही माळ वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरते, पण आपण ध्रुवाच्या वर बघतोय म्हणजे उत्तर खाली आणि दक्षिण वर, त्यामुळे आपल्याला ती खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसते. हे डोक्यात नसलं की चार्ट जुळतच नाही.

उजवीकडच्या वरच्या टोकाला एनजीसी १५०२ (एनजीसी आणि आयसी ही अशा ऑब्जेक्ट्सच्या याद्यांची नावं), आता डॉब घ्या. लहानसा ओपन क्लस्टर, म्हणजे ताऱ्यांचा विरळ गुच्छ आहे पण मधोमध सातव्या प्रतीच्या आसपासचे दोन तारे, स्ट्रूव्ह ४८५ ही जोडी, कोनाच्या १८ सेकंदांच्या अंतरावर, दोन डोळे टक लावून बघतायत असे. त्यातला एक, एसझेड कॅम, २.७ दिवसांच्या आवर्तनाचा ग्रहणकारी तारा (जोडीतला एक दुसऱ्याला झाकतो असा) आहे. इथून दक्षिणेला, म्हणजे आपल्या दृष्टीने वर, साधारण दीड अंश सरकलं की एनजीसी १५०१ हा प्लॅनेटरी नेब्युला, म्हणजे मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा गोळा. साडेअकराव्या प्रतीचा, कमी पॉवरला नुसता फुगलेला तारा वाटतो, पॉवर वाढवा, ओ-थ्री फिल्टर (तेजोमेघ उठून दिसावेत म्हणून लावतात तो) असेल तर लावा, गोल राखाडी चकती स्पष्ट होते.

आयसी ३४२ साठी मात्र उत्तम रात्र लागते. मोठी सर्पिल दीर्घिका, आपल्याकडे तोंड करून, पण आकाशगंगेच्या धुळीआड सापडलेली, तिथे धूळ नसती तर आकाशातल्या ठळक दीर्घिकांत गणली गेली असती. सगळ्यात कमी पॉवर लावा, तिरप्या नजरेने बघा आणि स्कोपला हलकी टिचकी मारा, हललेलं धूसर डोळ्याला लवकर कळतं. गाभा दिसला तरी खूप झालं.

आणि फेब्रुवारीच्या मध्यात दहाच्या सुमारास एनजीसी २४०३ ही दीर्घिका. सप्तर्षीच्या मोठ्या अस्वलाच्या नाकावरचा ओमिक्रॉन तारा धरा, तिथून वायव्येला, म्हणजे डावीकडे खाली ध्रुवाच्या बाजूला, पावणेआठ अंश. साधारण साडेआठव्या प्रतीची, अंधाऱ्या जागेवरून दुर्बिणीतही लांबट धूसर डाग दिसतो, आठ इंचीत दोन ताऱ्यांच्या मध्ये टांगलेली. एक कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास अंतर, एम८१ या दीर्घिकेच्याच गटातली. ३१ जुलै २००४ ला जपानच्या कोइची इतागाकी यांनी हिच्यात सुपरनोव्हा (स्फोट झालेला तारा) शोधला, तो अकराव्या प्रतीचा होता, म्हणजे तुमच्या डॉबमध्ये सहज दिसला असता. तेव्हा दर वेळी तिच्यावरचे आणि आजूबाजूचे तारे कागदावर काढून ठेवा, पुढच्या खेपेला ताडून बघता येतील.