पलंगाखालच्या सतरा बाटल्या

"मॅडम, एका सिनेमाने मूल कायमचं बिघडतं का हो?" ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकता टेकताच एका आईने विचारलं. दर सुट्टीत हा प्रश्न घेऊन दोन-तीन पालक येतातच. सिनेमा तेवढा बदलतो. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

मुलगा अकरा वर्षांचा, घर घोडबंदर रोडला. एप्रिलमध्ये परीक्षा संपली आणि तो नेरुळला आत्याकडे राहायला गेला. तिथे रात्री आतेभावाबरोबर 'द रोड' बघायला बसला. २००९ चा इंग्रजी सिनेमा. जगाची राखरांगोळी झालेली, झाडं वठलेली, आई सोडून गेलेली. बाप-लेक सामानाची गाडी ढकलत समुद्राकडे चाललेले. उपासमारीने काही माणसं माणसांनाच खायला लागलेली. एका घराच्या तळघरात त्यासाठी कोंडलेली माणसं दिसतात. तिथे आतेभावाचं लक्ष पोराच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याने घाबरून टीव्ही बंद केला.

घरी परतल्यावर मुलाच्या पलंगाखाली पाण्याच्या बाटल्या जमू लागल्या. मग पारले-जीचे पुडे, मेणबत्त्या. लाइट गेली की तो दचकून उठायचा. आणि रोज रात्री एकच प्रश्न, "आई, खायचं संपलं तर आपल्या बिल्डिंगमधले लोक पण तसे होतील?" आई म्हणायची, "काही होत नाही रे राजा, झोप." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका रात्री तिने मोजलं, चौदा वेळा.

पहिल्या भेटीत मी चुकले. ती राख खोटी, ते रक्त खोटं, सगळे नट, हे समजावत बसले. तो शांतपणे म्हणाला, "मला माहितीये. पण झालं काय होतं? जग कशामुळे संपलं?" मी गप्प. तो सिनेमा हे शेवटपर्यंत सांगतच नाही. कारण कळलं नाही की मूल स्वतःच कारणं शोधतं. या मुलाला ती लाइट जाण्यात सापडली, टँकर न येण्यात सापडली, हिरानंदानीकडे दिसलेल्या धुरकट आभाळात सापडली.

मग आईशी बोलले. धीर देणं चूक नाही, पण चौदाव्यांदा दिलेला धीर म्हणजे खाज आल्यावर खाजवणं. घटकाभर बरं वाटतं, मग आग वाढते. प्रत्येक उत्तरातून मुलाला एवढंच कळतं, की विचारल्याशिवाय आपल्याला झोप येणार नाही. म्हणून ठरलं : संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात ही काळजीची वेळ. वही घेऊन बसायचं, हवं ते विचारायचं, आणि आईबाबांनी खरं उत्तर द्यायचं. रात्री विचारलं तर, "वहीत लिही, उद्या बघू." पहिले तीन दिवस घरात रडारड झाली. आईने मला फोन करून चार शब्द सुनावलेही. बरोबरच होतं तिचं, ती जागत होती, मी नाही.

वहीतल्या 'लोक तसे होतात का' या प्रश्नाला बाबांनी २६ जुलै २००५ ची रात्र सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बाबा तेव्हा कॉलेजात. कुर्ल्याहून रुळांवरून चालत ठाण्याला निघाले. भांडुपजवळच्या एका चाळीत अनोळखी बाईने चहा-बिस्किटं दिली, कोरडा टॉवेल दिला. "आणि वाईट कोणीच नव्हतं?" मुलाने विचारलं. बाबांनी खरं सांगितलं, त्याच गर्दीत त्यांचं पाकीट मारलं गेलं होतं. मला हे उत्तर फार आवडलं. नुसता चहा सांगितला असता तर पोराने विश्वास ठेवला नसता.

राहिला अर्धवट सुटलेला सिनेमा. गोष्ट सगळ्यात भीषण जागी थांबली होती आणि त्याच्या डोक्यात ते तळघर रोज उघडत होतं. पुन्हा दाखवायची गरज नव्हती, तो त्याच्या वयाचा सिनेमाच नाही. पण पुढे काय होतं ते विचारल्यावर दिवसाउजेडी, उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसून बाबांनी सांगितलं. पुढे त्या दोघांना जमिनीखाली डबाबंद अन्नाने भरलेली खोली सापडते. "मग ते तिथेच राहिले?" नाही, वरून आवाज आले म्हणून निघाले. मुलगा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे साठा असूनही निघावंच लागलं." शेवटी बाप जातो, हेही बाबांनी लपवलं नाही, आणि मुलाला दुसरं एक कुटुंब जवळ करतं, हेही सांगितलं. तो रडला. त्या रात्री एकदाच उठला.

बाटल्या आम्ही एकदम फेकल्या नाहीत. दर दोन दिवसांनी एक-दोन कमी, कुठल्या ते तोच ठरवणार.

सगळ्यांचं इतक्यात निभावत नाही. महिना उलटूनही झोप येत नसेल, मूल शाळेला नको म्हणत असेल, किंवा जगायचंच नाही असं बोलत असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवाही आहे, १४४१६ वर.

मेअखेरच्या भेटीत आईने विचारलं, "चार बाटल्या अजून ठेवल्यात, काढून टाकू?" मी तिलाच विचारलं, सोसायटीत टँकर कितीदा येतो? ती हसली. त्या चार राहिल्या.