क्विअर विषयावरच्या एकल प्रयोगासाठी प्रोजेक्टर कोणता घेऊ? आणि यावर पोट भरतं का?

प्रोजेक्टरचं आधी उरकतो. खोली लहान असेल तर शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र पाडणारा. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) ०.५ असला की १ मीटरवरून २ मीटर रुंद चित्र मिळतं. १.५ वाला त्यासाठी ३ मीटर मागे न्यावा लागतो, मग पडद्यावर तुमच्यापेक्षा तुमची सावलीच जास्त नाचते. तेच चित्र ४ मीटर रुंद केलंत तर उजेड पाव उरतो; लुमेनचा (प्रोजेक्टरच्या उजेडाचा) आकडा हा हिशोब करून बघा. अंगावर चित्र पाडायचं असेल तर सॅटिन नको, मळकट पांढरं सुती घाला.

आणि प्रोजेक्टरचा ‘काळा’ काळा नसतो. क्लिप संपली तरी करडा चौकोन अंगावर राहतो, ब्लॅकआउट फुकट. लेन्ससमोर काळ्या पुठ्ठ्याची झडप लावा, दोरीने ओढा.

आता पोटाचं. नुसत्या तिकिटांवर नाही भरत; प्रयोगाचे फोटो-व्हिडिओही विकता यायला हवेत. चित्रीकरणाबद्दल तुम्ही अक्षरही विचारलेलं नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. ‘परफॉर्मन्स क्षणभंगुर असतो, तो टिपायचा नसतो’ म्हणणाऱ्यांनी कॅसिल्स या ट्रान्स कलावंताचं २०१२ चं ‘बिकमिंग अ‍ॅन इमेज’ बघावं. मिट्ट काळोख, २००० पौंड मातीचा ठोकळा, त्यावर ठोसे आणि लाथा. उजेड फक्त फोटोग्राफरच्या फ्लॅशचा, आणि फोटोग्राफरलाही एरवी काही दिसत नाही. फ्लॅश उडतो, ती मुद्रा बघणाऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर छापून राहते, पुढचा ठोसा नुसता ऐकू येतो. इथे कॅमेरा काढून घेतलात तर प्रयोगच उरत नाही. यातून छायाचित्रं निघाली, ध्वनीची मांडणी झाली, आणि त्या ठोसे खाल्लेल्या मातीवरून ओतलेलं कांस्यशिल्प २०१७ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या रस्त्यांवरून लोकांनी ढकलत नेलं. टिपायचा नसतो म्हणे!

तेव्हा बजेटमध्ये चित्रीकरणाचा खर्च वेगळा धरा, उरलेल्या पैशांतून नको. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) मॅन्युअल, नाहीतर पडदा भाजतो किंवा चेहरा बुडतो. चेहऱ्याला बाजूने वेगळा दिवा द्या, पडद्यावर सांडू देऊ नका. प्रोजेक्टर ६० हर्ट्झवर असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंद. त्याहून वेगवान ठेवलात तर एका चिपच्या डीएलपीचे (रंग एकामागून एक पाडणाऱ्या प्रोजेक्टरचे) रंगीत पट्टे येतात. आवाज मिक्सरमधून घ्या, शिवाय खोलीत एक माइक ठेवा. प्रेक्षकांचा श्वास मिक्सरमध्ये येत नाही. व्हिडिओ विकायचा झाला तर आवृत्ती (म्हणजे विकायच्या एकूण प्रती) सहसा ३ किंवा ५ प्रतींची, वर कलाकाराच्या स्वतःच्या एक-दोन. पहिली प्रत विकण्याआधी हा आकडा लिहून ठेवा, नंतर वाढवता येत नाही.

एक राहिलंच. क्विअर प्रयोगाला आलेला प्रत्येक जण घरी सांगून आलेला नसतो. कॅमेरा प्रेक्षकांच्या पाठीमागे ठेवा, चित्रीकरण चालू असल्याची पाटी दारावरच लावा, आणि जमलं तर एक प्रयोग बिनकॅमेऱ्याचा करा. (हो, एवढ्यापुरतं त्या क्षणभंगुरवाल्यांचं मान्य.) फोटोग्राफरशी हक्कांचं मात्र प्रयोगाआधी लेखी ठरवा, अन्यथा आपल्याच अंगाचा फोटो छापायला आपणच परवानगी मागत बसतो.